साड्यांच्या गठ्ठ्यावरून जमिनीवर

माझा घोटा मोडला तो शेजारणीला ओल्या पायऱ्या कशा उतराव्यात हे दाखवताना. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझी फार कीव यायला नको.

सहा आठवडे गुडघ्यापर्यंत प्लास्टर. ते कापलं तेव्हा आतून जो पाय निघाला, तो पाहून मी कापणाऱ्याला विचारलं, बाबा, माझाच दिलास ना परत? पोटरी कुठे गेली कोण जाणे, नुसती शेवग्याची शेंग.

तरी पायापेक्षा मला ओट्याची काळजी. सुरतेत, उधन्याच्या आमच्या गल्लीतल्या ओट्यावर दुपारी आम्ही चार-पाच जणी साड्यांचे सुटे धागे कापायला बसतो. मधे साड्यांचा ढीग, भोवती आम्ही, जमिनीवर मांडी घालून. कोणाची सून रुसली, कोणाचं भेस्तानला घर झालं, सगळं त्या ढिगाशी कळतं. मला खाली बसवेना, आणि बसले तर दोघींनी ओढल्याशिवाय उठवेना. शेजारीण मायेने खुर्ची घेऊन आली. "माय, तू आते खुर्चीवरच बठ," म्हणाली. बसले. पण बोलणं सगळं खालच्या खाली व्हायचं, मी वर लग्नातल्या पाहुणीसारखी. कात्री हातात, पण साडी द्यायचं कोणाला आठवेना. मला त्या ढिगाशी परत बसायचं होतं, बाकी काही नको.

मग मी माझ्या अकलेने इलाज सुरू केला. पायाला तेल आणि पोटाला डिंकाचे लाडू. हललं नाही तरी चालेल, खाल्लं की भरेलच, असा माझा हिशोब. माप घ्यायला पोटरीएवढा कापलेला लाल धागा. आयुष्यभर धागेच कापले, दुसरं काय सुचणार? रोज संध्याकाळी पोटरीला गुंडाळून बघायची. दहाव्या दिवशी धाग्याची टोकं जुळेनात. मी ओटाभर सांगत सुटले, पाय भरला म्हणून.

नात फिजिओथेरपी शिकते. तिने पोटरीवर अंगठा दाबला, उचलला, तर खळगा तसाच राहिला. "आजी, ही सूज आहे. दिवसभर खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवतेस."

मग तिने मला माझ्या भाषेत समजावलं. स्नायूच्या आतही माल तपासणी चालते म्हणे. नवी प्रथिनं बनतात, जुन्यांवर बाद मालाची चिठ्ठी लागते, चिठ्ठीवाला माल आतल्याच एका यंत्रात तुकडे होऊन जातो. पाय चालता असला की दोन्ही कामं बरोबरीने. पाय पडून राहिला की बनवणारे सुस्तावतात आणि चिठ्ठ्या लावणारे जोरात. आणि लाडू? लाडू म्हणजे कच्चा माल. वजन पेलायचं काम आल्याशिवाय बनवणाऱ्यांना ऑर्डर जात नाही. माझे लाडू कुठे गेले ते कमरेवरून कळतच होतं.

तिने साड्यांचे बांधलेले गठ्ठे भिंतीशी रचले, खुर्चीहून जरा कमी उंचीचे. त्यावर बसायचं, हात न टेकता उठायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. जमलं की एक गठ्ठा काढायचा. पहिल्या दिवशी चौथ्या वेळेलाच मांड्या थरथरल्या आणि मी देवाचं नाव घेत घेत नातीला दोन शिव्या दिल्या. ती मोजत राहिली.

गठ्ठे कमी होत गेले. सूज उतरली, धागा मात्र पुन्हा पहिल्याच मापावर. मी हिरमुसले. ती म्हणाली, आधी नसा शिकतात, असलेल्याच स्नायूला नीट कामाला लावतात, म्हणून जोर आधी येतो. भरणं मागून, तुझ्या वयात सावकाश. धागा टाकून दे. मी टाकला नाही, पण उशीखाली ठेवला.

परवा शेवटचा गठ्ठा निघाला. दुपारी मी ओट्यावर गेले, खुर्ची बाजूला सरकवली आणि खाली बसले. शेजारणीने एक साडी माझ्याकडे सरकवली. तीन साड्या झाल्या, चहाची वेळ झाली. दोघींनी हात पुढे केले. मी नको म्हटलं, गुडघ्यावर हात ठेवला, कण्हले, आणि उठले. एकटी. मोठ्या ऐटीत दारापर्यंत गेले, तेव्हा आठवलं, कात्री खालीच राहिली.

शेजारीण ती उचलून द्यायला वाकली. मी म्हटलं, राहू दे गं, मीच येते घ्यायला.