गाणारीच्या घरची रोझरी

आमच्या वाडीत एकेका नावाच्या चार-चार बायका. त्यामुळे ओळखायला पुढे काहीतरी जोडावं लागतं. कुणी केळीवाली, कुणी टीचर, कुणी नुसती विहिरीजवळची. मी गाणारी. लग्न होऊन वसईजवळच्या वटारला आले त्याच वर्षी चर्चच्या गायनमंडळात उभी राहिले आणि मग लग्न असो की मयत, पहिला सूर माझा. माझी दुसरी काही ओळख असू शकते असं मला कधी वाटलं नाही, आणि ती हवीही नव्हती.

मग गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, घरच्यांनी देवाचे आभार मानले. आवाज मात्र गेला. नस दुखावली आहे, येईलही एखादे वेळी, असं डॉक्टर म्हणाले. वर्ष उलटलं तरी घशातून नुसती हवाच निघत होती, सायकलच्या पंक्चर ट्यूबमधून निघते तशी.

चर्चमध्ये मिस्सेला मी मागच्या बाकावर बसू लागले, पुढे जाणंच सोडलं. गायनमंडळ माझीच गीतं म्हणायचं आणि चांगली म्हणायचं, तेच मला सोसत नव्हतं. फादर घरी येऊन म्हणाले, "तुम्ही गायला लागायच्या आधीपासून देव तुम्हाला ओळखतो." बोलायला काय जातं, त्यांच्यापुढे माइक असतो. मी देवाशी भांडायचे, पण भांडायलासुद्धा आवाज लागतो. मला जगणं नकोसं झालं होतं आणि तेही कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण प्रत्येक वाक्याला समोरचा "काय?" म्हणून कान पुढे करायचा.

ऑक्टोबरात मरियामातेची मूर्ती वाडीत घरोघर फिरते. ज्या घरी मूर्ती, त्या घरच्या बाईने रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, सांगायची. एकेका मण्याला एक प्रार्थना, तिचा पहिला अर्धा भाग ती म्हणते, उरलेला बाकीचे मिळून. आमची पाळी आली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, मूर्ती पुढच्या घरी जाऊ दे.

"आईला दारातून परत पाठवू?" तो म्हणाला.

तोडगाही त्यानेच काढला. ऑपरेशनच्या आधी परदेशातल्या लेकीसाठी मी मोबाइलवर रोझरी रेकॉर्ड केली होती. तिला तिकडे उत्तर देता यावं म्हणून मध्ये मध्ये जागा सोडली होती. तीच लावू म्हणाला. मी मान हलवली. नको म्हणायचाही जोर माझ्यात उरला नव्हता.

संध्याकाळी ओटा भरला. फोन मूर्तीपाशी ठेवला आणि माझा आवाज सुरू झाला. स्वच्छ, खणखणीत, जरा गर्विष्ठही. माणसं त्याला उत्तर देऊ लागली. मी तिथेच बसले होते, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. जणू मयताच्या घरी जमले होते सगळे, आणि मयत मी होते. मी उठून आत गेले आणि उकडलेल्या चण्यांच्या पातेल्यापाशी उभी राहून रडले.

तेवढ्यात बाहेरून शेजारच्या म्हातारीचा मोठा आवाज आला. ती ठार बहिरी, मी लग्न होऊन आले तेव्हाही बहिरीच होती.

"ही कुठे गेली? सुरू कवा करनार?"

कुणीतरी तिला फोन दाखवला. तिला काही कळेना. शेवटी नवऱ्याने तो बंद केला. मी डोळे पुसून बाहेर आले, तशी तिने हात धरून मला नेहमीसारखं शेजारी बसवलं. मी गळ्याला हात लावून मान हलवली.

"मग? मी कवा आयकला तुजा आवाज?" ती म्हणाली. "मी तुजी बोटं बघते, माळेवरली. बोट थांबलं का मी बोलते. चल, धर माळ."

इतकी वर्षं ही माझ्या गाण्यासाठी शेजारी बसते असं मी समजत होते. तिच्यासाठी मी कधी गाणारी नव्हतेच. माळ ओढणारी एक बाई होते, तेवढीच, आणि तिला तेवढी पुरत होती. मला पुन्हा रडू आलं.

मी पहिला मणी धरला. माझा अर्धा भाग श्वासातच विरला, पलीकडच्या माणसालाही ऐकू गेला नसेल. बोट थांबलं. म्हातारीने एकटीने, मोठ्याने, बेसूर उत्तर दिलं.

दुसऱ्या मण्याला सगळा ओटा माझ्या बोटांकडे बघत होता.