बायकोच्या नावावर

आपल्याकडे फ्लॅट बायकोच्या नावावर असतो, प्लॉट बायकोच्या नावावर असतो, आणि बायकोला ते सही करताना कळतं. त्यामुळे नवऱ्याने गांजाचं दुकान माझ्या नावावर काढायचं ठरवलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, की महाराष्ट्र मंडळात कळलं तर काय सांगायचं? वेलनेस सांग, म्हणाला.

इथे न्यू जर्सीत गांजा आता कायदेशीर आहे. आमच्या टाउनशिपने एकाच दुकानाला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, आणि मालक बाई असेल, गोरी नसेल, तर तिला प्राधान्य होतं. ज्यांच्या घरची पोरं एका पुडीपायी तुरुंगात सडली, त्यांनाही या धंद्यात शिरता यावं, हा त्यामागचा विचार. नवरा आणि त्याचे दोन मित्र, तिघेही आयटीतले. पैसा त्यांचा, डोकं त्यांचं. बाई तेवढी कमी होती, ती घरातच सापडली.

लहानपणी आमच्या गावात राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचबाई होत्या. कारभार नवरा बघायचा, बाई सह्या करायच्या. आम्ही पोरी त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो. इथे येऊन, मास्टर्स करून, मी तेच झाले. तेही साडी नेसून, कारण टाउनशिपच्या समितीपुढच्या सुनावणीला साडीच नेस, असा नवऱ्याचा हट्ट.

शेवटी दोनच अर्ज उरले, माझा आणि एका ब्लॅक बाईचा. याच टाउनमध्ये तिच्या भावाला गांजासाठी पकडून नेलं होतं. दुसऱ्यांच्या दुकानांत राबून ती धंदा शिकली होती. तिने सगळं शांतपणे सांगितलं. मग समितीने मला विचारलं, रोजचा कारभार कोण बघणार? "मी," म्हणाले. मेला आवाजसुद्धा कापला नाही. परवानगी मला मिळाली.

पार्किंग लॉटमध्ये ती मागून आली. मला वाटलं, आता दोन शब्द ऐकवणार. तिने मला मिठी मारली.

"बरं झालं, तुला मिळालं," ती म्हणाली. "नाहीतर दर वेळी कुणीतरी पुरुष बायकोला पुढे करतो आणि घेऊन जातो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तोंडातून निघालं फक्त थँक यू. नवरा गाडीत एसी लावून बसला होता.

दुकान अजून उघडलेलं नाही. मी माघार घेतली तर परवानगी तिच्याकडे जाईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. रोज ठरवते, आज घरात बोलायचंच. रोज भाजी फोडणीला टाकते आणि गप्प बसते. भित्री कुठली!

काल तिचा फोन आला. परवानगीसाठी धडपडणाऱ्या बायकांचा तिचा एक ग्रुप आहे. तिथे येऊन सांगशील का, म्हणाली, की एकटीच्या हिमतीवर तू हे कसं जमवलंस? नाही म्हणायचं धाडस झालं नाही. हो म्हणून बसले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस गं. काय बोलायचं ते मी लिहून देतो."