जिनातली दोन मडकी

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दारव्ह्याजवळच्या एका हॉटेलात इतिहास सांगायला जाऊ लागले. हॉटेल म्हणजे इंग्रजांच्या वेळचं कापसाचं जिन. दगडी भिंती, लोखंडी खांब, वर उंच टिनाचं छत. कापसातून सरकी काढणारी यंत्रं भंगारात गेली आणि तिथं जेवणाची टेबलं आली. एका टोकाला बुटका मंच होता. संध्याकाळी सातला ताटं वाढली जायची, सोबत ढोलकी, बंजारा बायांचा नाच, आणि मध्येच माईक धरून मी.

पाण्याची टाकी खणताना तिथं जुन्या वस्तू निघाल्या होत्या. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, दगडी मणी, गंजलेली कुऱ्हाड आणि दोन मडकी. मालकानं भिंतीत काचेची कपाटं करून त्यात पिवळे दिवे लावले. माणूस हौशी होता, वाईट नव्हता. मी काय बोलायचं तेही त्यानं कोणाकडून तरी लिहून आणलं होतं. त्यात मोठं मडकं राणीच्या अत्तराचं होतं आणि लहान तिच्या दासीचं. मी ते रोज सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला आवडायचंही. लोक पाटवडीचा घास हातातच धरून मागं वळून बघायचे, तेव्हा सगळा वर्ग ऐकतोय असं वाटायचं.

एका रविवारी नागपूरच्या एक वयस्क बाई जेवायला आल्या. जुन्या वस्त्यांच्या खोदकामात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्या कपाटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी जवळ गेले.

"ही दोन एकाच ठिकाणी निघाली का?" त्यांनी विचारलं.

"असं म्हणतात."

"आडवी? तोंडाला तोंड लावून?"

मला माहीत नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "हे अत्तराचं नाही, बाई. फार जुन्या काळी तान्हं मूल गेलं की त्याला अशा दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरायचे. आत काही सापडलं होतं का?"

मी भाकरीवालीकडे गेले. पाहुण्यांना दिसावं म्हणून ती हॉलच्या कोपऱ्यातच चुलीवर भाकरी थापायची. टाकी खणायच्या मजुरीवरही तीच होती.

"आडवीच व्हती ना," ती म्हणाली. "जुळ्यावानी चिकटेल. म्याच सोडवली."

"आत काय होतं?"

"माती. गच्च भरेल व्हती. त्यात बारीक बारीक पांढरं व्हतं. मले वाटलं, चुनखडी हाय."

"ती माती कुठं टाकली?"

तिनं दाराकडं बोट केलं. दाराबाहेर सांबाराचा वाफा होता. कोथिंबिरीला आमच्याकडं सांबार म्हणतात. त्या वाफ्यातला सांबार रोज चिरून प्रत्येक ताटात पडायचा.

"काहून विचारता, बाई?"

मी सांगितलं. तिनं हातातली भाकर तव्यावर टाकली आणि ती करपून धूर निघेपर्यंत उलटली नाही.

त्या दिवसापासून तिथलं अन्न माझ्या घशाखाली उतरेना. बोलताना माझी पाठ कपाटाकडं असायची आणि पाठीमागून कोणीतरी बघतंय असं वाटायचं. वळून पाहिलं की काचेत माझाच चेहरा, नेमका मोठ्या मडक्याच्या तोंडावर. ढोलकी थांबली की मधल्या शांततेत बारीक, ओला श्वास ऐकू यायचा. छतावर कबुतरं असतात हे मला ठाऊक होतं. तरी मी वर न बघता मागं बघायचे.

माझी पहिली मुलगी आठ दिवसांची होऊन गेली होती. तिला उचलून नेलं तेव्हा मी तापात होते. बायांनी तिकडं जायचं नसतं म्हणाले. कुठं ठेवली ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. पुढं चार दिवस दूध येत राहिलं, सासूबाईंनी छातीवर पट्टा बांधला. मग दोन मुलगे झाले, नोकरी, बदल्या. तिचं नाव ठेवलं नव्हतं, त्यामुळे तिला आठवायचं तरी कशानं?

पुढच्या शनिवारी हॉल भरलेला होता. मी माईक घेतला, "ह्या राज्यातली राणी" म्हणाले आणि पुढचे शब्द येईनात. मग जे खरं होतं ते बोलले. ही मडकी एका तान्ह्या लेकराची आहेत. कोणत्या तरी आईनं त्याला घरातच, पायाखाली ठेवलं होतं. आम्ही त्याला उकरून काढलं आणि इथं राणीचं अत्तर म्हणून दाखवतो आहोत.

कोणीतरी हसलं, त्याला तो खेळाचाच भाग वाटला. मग चमच्यांचे आवाज बंद झाले. समोरच्या टेबलावरच्या एका बाईनं आपल्या लेकीला खुर्चीवरून उचलून मांडीत घेतलं. ढोलकीवाल्याचे हात तसेच हवेत राहिले.

मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, लोक जेवाले येऊन राह्यले इथं. असं कायले सांगता?" त्याचा चेहरा उतरला होता. मला त्याची कीव आली.

पण चार दिवसांनी त्याचाच फोन आला, आवाजात उत्साह. "बाई, लोक फोन करून राह्यले, ते लेकराचं मडकं कधी पाह्याले भेटते म्हणून! आता रोज असंच सांगा. म्या तिथं निळा दिवा लावतो. मांगून अंगाईचा आवाज सोडू."

मी फोन ठेवला. आपण लेकराला सोडवायला गेलो आणि पुन्हा मंचावर आणून बसवलं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तहसील कार्यालयात लेखी अर्ज दिला, की अशा वस्तू निघाल्या आहेत आणि त्यांची कुठं नोंद नाही. तिथले साहेब पाहणीला येईपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढ्यात एका दुपारी, हॉटेल बंद असताना, भाकरीवाली आणि मी मिळून तो वाफा खणला. सांबार उपटून बाजूला केला, माती पिठाच्या चाळणीनं चाळली. शेवटी तांदळाएवढे सात-आठ पांढरे कण उरले. तिनं ते आपल्या पदराच्या फाडलेल्या टोकात बांधले.

अधिकारी आले, मडकी गवतात गुंडाळून खोक्यात भरली. मी ती गाठ त्यांच्या हातात दिली.

"हाड की चुनखडी, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," ते म्हणाले. त्यांनी माझा नंबर लिहून घेतला. फोन अजून आलेला नाही.

मडकी गेली त्या रात्री जेवताना मी यजमानांना विचारलं, "अहो, आपल्या पोरीला कुठं ठेवलं होतं?"

त्यांचा घास थांबला. पस्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न आमच्यात कधी आला नव्हता. ताट बाजूला सारून ते म्हणाले, "नेरच्या रस्त्यानं. मोरीच्या पल्याड. तुले नेतो उद्या."

सकाळी आम्ही स्कूटरवर गेलो. रस्ता रुंद झाला होता, मोरी नवी सिमेंटची होती, झाड म्हणून एकही उरलं नव्हतं. ते मोरीच्या कठड्यापासून पावलं मोजत निघाले, थांबले, मागं आले, पुन्हा मोजू लागले.

"इथं," ते म्हणाले. मग डांबराकडं बघून म्हणाले, "नाही. तिथं असंल. दर साली येत होतो म्या, रस्ता होयेपर्यंत. तुले सांगतलं नाही."

ते ज्या ठिकाणी बोट दाखवत होते तिथून सरकीचा ट्रक गेला, त्यामागं एसटी. मी चपला काढल्या आणि रस्त्याच्या कडेला, तापायला लागलेल्या गिट्टीवर उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला. गाड्या जात होत्या, आणि दोन गाड्यांच्या मध्ये जेवढी शांतता मिळत होती तेवढ्यात आम्ही दोघं कान देऊन उभे होतो.