पूजेतला ब्लोअर आणि कापराची आरती

मंडळी, दसऱ्याचं सोनं घ्या, पण आधी आज सकाळी काय झालं ते ऐका.

सकाळी नरखेडच्या बगीच्यातल्या ओट्यावर अवजारांची पूजा होती. संत्र्याखालचा पाला उडवायचा पेट्रोलचा ब्लोअर माझ्या धाकट्या भावानं, विलासनं, चालवून आणला आणि गरम असतानाच पूजेच्या पाटावर ठेवला. वरून टाकी काठोकाठ भरली. माझी बायको पेटत्या कापराची आरती घेऊन आली, तेवढ्यात मले पेट्रोलचा वास आला.

"थांब वं, पुढं येऊ नको," मी ओरडलो. झाकणाखालून पेट्रोल पाझरून राहिलं होतं.

ऐंशीच्या दशकात याच ओट्यावर बाबांचा पेट्रोलचा फवारणी पंप असाच पूजेत होता. आईनं आरती ओवाळली आणि भडका उडाला. तिचा हात कोपरापर्यंत भाजला. विलास तेव्हा पाळण्यात होता. त्याले आम्ही आईचा हात चुलीवर भाजला एवढंच सांगत आलो.

आज ब्लोअर थंड होऊ दिला, टाकी रिकामी केली आणि नुसतं हळदकुंकू वाहिलं.

मग विलासले मी त्या दिवसाचं खरं सांगितलं. सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "दादा, म्हणून आई आरती दुसऱ्याच्याच हातात देत होती का गा?"

तुमच्याही घरी आज मशीनपुढं आरती झाली असेल. टाकीचं झाकण कोणी पाहिलं होतं का?