इंजेक्शनचं पेन घेऊन करंजाला

गादी उन्हात टाकायला उचलली आणि पाठीत काडकन काहीतरी मोडलं. पनवेलच्या शाळेत तीस वर्षं उभ्याने शिकवलं होतं मी, आणि एका कापसाच्या गादीने मला आडवं केलं.

संधिवातासाठी मी बरीच वर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होते. त्यांनी सांधे सांभाळले, पण हाडं आतून विरत गेली. एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसला. जोडीला थायरॉइड, ब्लडप्रेशर आणि इतकं आम्लपित्त, की हाडांची नेहमीची गोळी घशाखाली उतरली की छातीत आग. डॉक्टरबाईंनी रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि म्हणाल्या, "पोटावर रोज एक छोटं इंजेक्शन घ्यायचं. दोन वर्षं. याने नवं हाड तयार होतं."

"नवं हाड? या वयात?"

"याच वयात."

रिक्षात बसल्यावर मी ह्यांना तीनदा तरी सांगितलं असेल, अहो, नवं हाड! पासष्टाव्या वर्षी!

इंजेक्शनचं पेन आणून फ्रिजमध्ये ठेवलं आणि मग प्रश्न आला, टोचणार कोण? सुई पाहिली की ह्यांना घाम फुटतो. माझी बोटं वाकडी. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आपांना हाक मारली. त्यांचे मिस्टर कुवेतला नोकरीला, आणि त्या स्वतः रोज इन्सुलिन घेणाऱ्या.

"मी टोचणार नाही, बाई. तुम्हीच टोचायचं," त्या खुर्ची ओढत म्हणाल्या. "मी रोज कोणाला शोधत फिरते का? चिमटीत कातडी धरा. हं. बिस्मिल्ला म्हणा नाहीतर गणपती म्हणा, पण हात हलवू नका."

मी दोन्ही म्हटलं आणि सुई टोचली. मुंगी चावावी एवढंच! "झालं?" मी विचारलं. आपा हसायला लागल्या. आतल्या खोलीतून ह्यांनीही घाबरत विचारलं, "झालं?"

तिसऱ्या दिवशी मात्र इंजेक्शन घेऊन मी लगेच चहा टाकायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ओट्याला धरलं म्हणून वाचले. पडले असते तर आणखी एक हाड गेलं असतं. आपा म्हणाल्या, "उद्या सगळी औषधं पिशवीत घाला आणि डॉक्टरांपुढे ओता."

तसंच केलं. डॉक्टरबाईंनी एकेक पाकीट हातात घेऊन विचारलं, हे कधी, ते कधी. मग कळलं, की सकाळची ब्लडप्रेशरची गोळी आणि इंजेक्शन मी पाठोपाठ घेत होते, त्यामुळे चक्कर. इंजेक्शन संध्याकाळवर गेलं, आणि ते घेतल्यावर अर्धा तास पाय वर करून बसायचं ठरलं. थायरॉइडच्या गोळीबरोबरच मी कॅल्शियमही गिळत होते, म्हणजे थायरॉइडची गोळी निम्मी वाया. कॅल्शियम आता दुपारच्या जेवणानंतर. ह्यांनी घरी येऊन मोरीत रबरी चटई टाकली आणि दाराशी धरायला दांडा बसवून घेतला.

चार महिन्यांनी पाठ बरीच सैल झाली. तेवढ्यात आपा म्हणाल्या, "माहेरी चाललेय, उरणजवळ करंजाला. येता?"

डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. वजन उचलायचं नाही, घसरायचं नाही, पेन थंड ठेवायचं, एवढ्या अटींवर परवानगी मिळाली. मी आदल्या दिवसापासून तयार! बर्फाच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेलं पेन, पायात न घसरणारे, तळाला खाचा असलेले बूट.

करंजाच्या धक्क्यावर होड्या लागत होत्या, मासळीचा लिलाव रंगात आला होता, आणि मला त्या गर्दीत घुसायचंच होतं. मी पाऊल टाकलं तशी टोपली घेतलेली एक मावशी ओरडली, "ए बाय, तितंच उबी रा! खाली घसरट हाय!" आणि स्वतःच टोपली घेऊन माझ्याकडे आली. चकचकीत, शेपटी आपटणारी मासळी. मी आपांचा हात धरून कोरड्या कडेवरून अख्खा लिलाव पाहिला. चार महिने मी बहुतेक छताकडे बघत काढले होते!

संध्याकाळी आपांच्या भावजया, बहिणी, पुतण्या माझ्याभोवती गोळा झाल्या. मी पेन काढलं. ऐन वेळी कोणीतरी श्वास रोखला, आणि सुई बाहेर आली तशी एक पुतणी म्हणाली, "माशाल्ला, बाईंना काहीच झालं नाय!" टाळ्या पडल्या. मला अर्धा तास उठू दिलं नाही. ताट माझ्या हातात आणून दिलं.

वर्षाने पुन्हा हाडांची तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि त्या हसल्या. हाडं सुधारली होती. "अजून वर्ष बाकी आहे आणि त्यानंतर दुसरं औषध लागणार, मध्ये खंड नको," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली, पण माझं लक्ष रिपोर्टवरच होतं. तो मी आपांना आधी दाखवायचा की ह्यांना, हे काही केल्या ठरेना.