सड्यावरच्या विहिरी

श्री. धम्मदीप सखाराम मोहिते. हुद्दा: कनिष्ठ सहायक. अतिरिक्त कार्यभार: माहिती सुरक्षा जोखीम व्यवस्थापक, तथा खुल्या माहितीचे गुणवत्ता परीक्षक. मुख्यालय: रत्नागिरी. दोन्ही कार्यभारांसाठी आवश्यक अर्हता: अडकलेला प्रिंटर एकदा सर्वांदेखत चालू करून दाखवणे.

मोहित्यांनी मात्र हे मनावर घेतलं. सगळं ऑफिस एकाच पासवर्डवर चालायचं आणि तो व्हॉट्सॲपवर सुप्रभातच्या फुलांमधून खुशाल फिरायचा. मोहित्यांनी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला, तो कुणाला सांगणार नाही असं लिहूनही घेतलं. मग स्वतः बसून नियम केला: खुल्या माहितीच्या पोर्टलवर प्रसिद्ध झालेली नोंद बदलायची तर परीक्षकाने शिफारस करावी, व्यवस्थापकाने मंजुरी द्यावी, आणि ही दोन माणसं वेगळी असावीत. परीक्षक आणि व्यवस्थापक दोन्ही आपणच, हे नियम लिहिण्याच्या भरात राहून गेलं.

गुणवत्तेचं काम सोपं होतं. रकाना रिकामा नसला की माहिती चांगली. पोर्टलवरच्या जिल्ह्यातल्या विहिरींच्या माहितीत एकही रकाना रिकामा नव्हता, म्हणून तिला ‘अत्युत्तम’ शेरा मिळाला.

एप्रिलात येसूबाईंचा फोन आला. मंडणगडातल्या एका गावाच्या त्या सरपंच, राहायला डोंगराखालच्या वाडीत.

“मोहितेभाव, आमचा टँकर नामंजूर केलाव. वाडीला इहिरीच इहिरी हायत म्हणं!”

“पोर्टलवर तसंच दिसतंय, बाई.”

“मंग त्या पोर्टलावरनं एक हंडा भरून द्या. आमी नदीत झरा खणून वाटीवाटीनं पाणी भरताव.”

मोहित्यांनी नकाशा उघडला. वाडीच्या डोक्यावरच्या सड्यावर, त्या उघड्या पठारावर जिथे कातळाशिवाय काही नाही, तिथे विहिरींची जत्रा भरली होती. अख्ख्या खोऱ्यात मोबाइलला रेंज येते ती त्या सड्यावरच. आजूबाजूच्या गावांचे ग्रामसेवक विहिरीचा फोटो गावात काढत आणि पाठवायला सडा चढत. विहिरी नोंदवायचं ॲप जागा टिपायचं ती पाठवतानाची. गावाचं नाव प्रत्येक नोंदीत बरोबर होतं. ते नकाशाशी ताडून पाहायचं काम गुणवत्ता परीक्षकाचं.

मोहित्यांनी नोंदी दुरुस्त करण्याची शिफारस केली. मंजुरीसाठी बटण दाबलं, तर पडद्यावर आलं: ‘दुसऱ्या व्यक्तीने लॉगिन करावे.’ ते शमिका मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडम त्यांच्या साहेब.

“नियम कोणी लिहिलाय, मोहिते?”

“मीच, मॅडम.”

“छान लिहिलाय हो. पळवाटच ठेवली नाहीत.”

“तुम्ही मंजुरी दिलीत तर चालेल. तुमच्या लॉगिनला सगळंच उघडतं. जोखीम म्हणून नोंदवलंय मी ते.”

“मी आता मीटिंगला निघालेय. पुढचे तीन दिवस तिथेच. माझा पासवर्ड घ्या आणि करून टाका.”

“मॅडम, तसं करता येत नाही.”

“मग राहू दे. सोमवारी बघू.”

सोमवारपर्यंत वाडीने वाटीवाटीनेच पाणी भरायचं होतं. मोहिते दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“सांगा,” ते म्हणाले.

मॅडमनी सांगितला. मुलाचं नाव, पुढे एक-दोन-तीन. पासवर्ड लिहून ठेवायला मोहित्यांचीच मनाई होती, म्हणून त्यांनी तो पाठ केला. जागेवर येऊन एकेक विहीर सड्यावरून उतरवली आणि आपापल्या गावी नेऊन ठेवली. मग शमिका मॅडम म्हणून स्वतःच्या शिफारशीला मंजुरी दिली. शेऱ्याच्या रकान्यात ‘तपासले, योग्य आढळले’ असंही लिहिलं, कारण तो रिकामा सोडणं त्यांच्याने होईना.

तिमाही अहवालही त्यांनीच पाठवला. पासवर्ड दुसऱ्यास दिल्याच्या घटना: निरंक. विहिरींच्या माहितीची गुणवत्ता: प्रसिद्धीनंतर फेरबदल झाल्याने ‘अत्युत्तम’वरून ‘समाधानकारक’.

टँकर त्या शुक्रवारीच दुपारी वाडीत आला होता.