न तडकणारी टिकली

सांगलीच्या कॉलेजात जोतीराम भंडारे रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा विभागप्रमुखांनी त्यांना संशोधनासाठी उसाच्या मळीचा विषय सुचवला. जोतीरामांनी तो हसून बाजूला सारला. त्यांना झिर्कोनियम या धातूच्या ऑक्साइडवर, म्हणजे झिर्कोनियावर, काम करायचं होतं.

"त्या पांढऱ्या भुकटीचं काय करणार?" प्रमुखांनी विचारलं.

"तिची चकतीसारखी टिकली दाबून भाजणार. ती लालबुंद तापली की तिच्यातून ऑक्सिजन पलीकडे जातो, इलेक्ट्रॉन मात्र अडतात, त्यांना बाहेरच्या तारेतूनच जावं लागतं. एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला हायड्रोजन सोडला की जाळ न करता थेट वीज मिळते."

"असली कामं विलायतेत होतात, भंडारे. तुमच्या समाजातून इथवर आलात, हेच पुष्कळ झालं."

पाटणजवळच्या गावात भंडाऱ्यांच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, तेव्हा जोतीराम बी.एस्सी. करत होते. 'पुष्कळ झालं' हे त्यांनी आजवर बऱ्याच तोंडांतून ऐकलं होतं.

"अजून पुष्कळ व्हायचंय, सर," ते म्हणाले आणि तासाला गेले.

कॉलेजची विजेची भट्टी टिकली भाजण्याइतकी तापेना. चौकशी करता करता त्यांना साताऱ्याचे लालासाहेब सापडले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांचा ओतकामाचा लहानसा कारखाना होता. तेलावर चालणाऱ्या त्यांच्या भट्टीत लोखंडसुद्धा पाणी होई.

"मास्तर, बिडाच्या भट्टीत औषधाच्या गोळ्या भाजायच्या व्हय?" लालासाहेबांनी विचारलं.

"गोळ्याच समजा. पण एकदा बाजारात आल्या तर गावोगाव दिवे लागतील."

"मग भाजा की. भट्टी तर पेटलेलीच हाय."

नुसतं झिर्कोनिया निवताना आतून रूप बदलतं, फुगतं आणि तडकतं. त्यात चुना मिसळला तर ते आवरतं, हे जोतीरामांना ठाऊक होतं. तरीही पहिली खेप तडकली, दुसरीही तडकली. शनिवारी एसटीनं साताऱ्याला जायचं आणि रविवारी ठिकऱ्या घेऊन सांगलीजवळ माधवनगरच्या आपल्या खोलीवर परतायचं, असं सगळा हिवाळा चाललं.

"सोडा आता, मास्तर," एकदा लालासाहेब कळवळून म्हणाले. "लय हाल करून घेताय."

जोतीराम एक ठिकरी भिंगाखाली फिरवत होते. "सोडायचं कशाला? ही बघा. इथं चुन्याचा खडा तसाच राहिलाय, आणि चीर तिथूनच निघालीय. खलात घोटून हे दोन्ही एकजीव होत नाहीत. चूक माझ्या मिसळण्यात आहे, विचारात नाही."

पुढच्या खेपेला त्यांनी खल बाजूला ठेवला. दोन्हींचे क्षार पाण्यात विरघळवले, रसायन घालून एकत्रच तळाशी बसवले आणि तो साका वाळवून टिकल्या दाबून मुशीत भाजल्या. रविवारी मूस उघडली. आतल्या सगळ्या टिकल्या अखंड होत्या. लालासाहेबांनी एक हळूच फरशीवर आपटली. चिनी कपासारखी ती खणकन वाजली.

सांगलीला येऊन जोतीरामांनी टिकलीच्या दोन्ही अंगांना चांदीचा लेप दिला, तारा जोडल्या आणि ती कॉलेजच्या भट्टीत तापवली. एवढ्या तापाला ती भट्टी पुरेशी होती. हायड्रोजन सुरू करताच व्होल्टमीटरचा काटा उठला आणि एक व्होल्टच्या जवळ जाऊन ठाम उभा राहिला. जोतीराम स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. असंच होणार हे माहीत होतं, तरी डोळे भरून आले.

प्रमुख बातमी ऐकून आले. बराच वेळ काटा न्याहाळून म्हणाले, "यावरच्या शोधनिबंधावर माझं नाव पहिलं घालू. वजन पडेल."

"काम माझं आहे, सर, नाव माझंच राहील," जोतीराम शांतपणे म्हणाले. "जागा दिलीत म्हणून आपले आभार मानतो. निबंधात आपल्या नावाशेजारी साताऱ्याच्या भट्टीवाल्या लालासाहेबांचेही आभार असतील."

प्रमुखांचा चेहरा उतरला आणि ते आपल्या खोलीकडे वळले.

वर्षभरानं निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. जोतीराम तो घेऊन साताऱ्याला गेले आणि आभाराची ओळ वाचून दाखवली. लालासाहेबांनी चष्मा लावून आपल्या नावावर बोट ठेवलं.

"आता काय भाजायचं, मास्तर?"

"याच मालाची नळी. आतून हायड्रोजन, बाहेरून हवा, म्हणजे वीज जास्त," जोतीराम म्हणाले आणि पिशवीतून साचा काढून भट्टीशेजारी ठेवला.